राजाचं नाव नसलेलं तांबं

दहा रुपयांच्या नाण्याएवढं, पण त्याहून जाड असं तांब्याचं एक नाणं डोळ्यांसमोर आणा. रंग काळपट तपकिरी, कडा वेडीवाकडी, ठसा मध्यावर न बसता एका अंगाला सरकलेला. एका बाजूला दाढीवाला चेहरा, त्याच्या डोक्यामागे प्रभावळ आणि प्रभावळीत क्रूस. दुसऱ्या बाजूला चार ओळींचा मजकूर. त्या मजकुरात राजाचं नाव शोधाल तर मिळणार नाही. साल नाही, टांकसाळीचं नाव नाही, नाण्याची किंमतही नाही. ‘येशू ख्रिस्त, राजांचा राजा’, एवढंच.

हे नाणं कॉन्स्टँटिनोपलचं, म्हणजे आजच्या इस्तंबूलचं. इ. स. ९७० च्या आसपास अशी नाणी पडायला लागली आणि १०९२ पर्यंत पडत राहिली. या काळात तिथल्या गादीवर पंधराएक माणसं बसली आणि उठली. काही मेली, काहींचे डोळे काढले, काहींना मठात धाडलं. नाण्यावर मात्र यांतल्या बहुतेकांचा पत्ता नाही. म्हणून संग्राहक याला ‘अनामिक फॉलिस’ म्हणतात. हजार वर्षांचं नाणं स्वस्तात हवं असेल तर याच्याइतकं सोयीचं दुसरं क्वचितच मिळतं. साधारण अवस्थेतलं एखादं काही हजार रुपयांत येतं. प्रश्न एवढाच, की नाव नसलेलं नाणं कोणाचं ते ओळखायचं कसं? या लेखात मुख्यतः तेच सांगायचं आहे, पण त्याआधी थोडी मागची गोष्ट.

पहिला गोंधळ नावाचाच. कॉन्स्टँटिनोपल राजधानी असलेल्या पूर्वेकडच्या रोमन साम्राज्याला आज आपण ‘बायझँटाइन’ म्हणतो, पण हा शब्द त्या लोकांनी स्वतःसाठी वापरला नाही. हे साम्राज्य बुडाल्यावर शंभरएक वर्षांनी, सोळाव्या शतकात, युरोपातल्या पंडितांनी तो रूढ केला. ते लोक ग्रीक बोलत आणि स्वतःला रोमन म्हणवत. अरब आणि तुर्क त्यांच्या मुलखाला ‘रूम’ म्हणत. आपल्या जुन्या मराठी लिखाणात ‘रूमशाम’ असा जोडशब्द भेटतो, त्यातलं रूम म्हणजे हाच मुलूख. पुढे तिथे तुर्कांचं राज्य आलं तरी नाव तेच राहिलं.

‘फॉलिस’ शब्दाचा प्रवास तर त्याहून लांबचा. लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ पिशवी, थैली. थैलीतल्या पैशांवरून तो नाण्याला चिकटला. अरबांनी सिरिया आणि इजिप्त जिंकलं तेव्हा तिथल्या बाजारात हीच तांब्याची नाणी फिरत होती. त्यांच्या तोंडी फॉलिसचं ‘फल्स’ झालं, अनेकवचन ‘फुलूस’. तो शब्द फारसीतून हिंदुस्थानात आला आणि अकबराच्या तांब्याच्या नाण्यांवर जाऊन बसला. मोगल तांबं जमवणाऱ्या कुणाच्याही ट्रेमध्ये ‘फुलूस’ ठोकलेलं एखादं जाडजूड नाणं असतंच. त्याचा पणजोबा कॉन्स्टँटिनोपलचा आहे हे मात्र बहुतेकांना ठाऊक नसतं. (आपला ‘दाम’ही असाच ग्रीक ‘द्राख्मे’पासून, ‘द्रम्म’ या वळणाने आलेला.)

आता मोठ्या ‘एम’ची गोष्ट. पाचव्या शतकाच्या अखेरीला रोमन तांब्याची अवस्था अशी झाली होती, की उरलेलं एकमेव नाणं, नुम्मस, बोटाच्या नखाहून लहान होतं. भाजी आणायला मूठभर नाणी मोजावी लागत. इ. स. ४९८ मध्ये सम्राट अनास्तासियस याने यातून वाट काढली. त्याने चाळीस नुम्मसचं एक नाणं पाडलं आणि मागच्या बाजूला मोठ्ठा ‘एम’ कोरला. ग्रीकमध्ये अक्षरंच आकड्यांचं काम करतात, आपल्याकडच्या कटपयादीसारखी. ‘एम’ म्हणजे ४०, ‘के’ म्हणजे २०, ‘आय’ म्हणजे १०, ‘ई’ म्हणजे ५. निरक्षर माणसालाही नुसत्या आकारावरून किंमत कळावी, इतकं ते अक्षर मोठं. ५१२ मध्ये या नाण्याचं वजन दुप्पट केलं.

नवशिक्याने सुरुवात या ‘एम’वाल्या नाण्यांनी केली तर त्याचं फार चुकत नाही, कारण ती जवळजवळ स्वतःच वाचून दाखवतात. ‘एम’च्या खाली टांकसाळ: ‘कॉन’ म्हणजे कॉन्स्टँटिनोपल, ‘निको’ म्हणजे निकोमेडिया, ‘थ्युप’ म्हणजे अँटिऑक. ५२६ आणि ५२८ च्या भूकंपांत अँटिऑक उद्ध्वस्त झालं, तेव्हा त्याचं नाव बदलून ‘देवाचं नगर’, थेऊपोलिस, असं ठेवलं. त्या नव्या नावाची ही आद्याक्षरं. ‘एम’च्या दोन पायांच्या मध्ये छोटं अक्षर असतं, ते टांकसाळीतल्या विभागाचं. सम्राट जस्टिनियनच्या राज्याच्या बाराव्या वर्षापासून, म्हणजे ५३८-३९ पासून, डाव्या बाजूला ‘आन्नो’ (लॅटिनमध्ये ‘वर्षी’) आणि उजव्या बाजूला राज्यवर्षाचा आकडाही येतो. त्या वर्षीचं नाणं हातात घेतलं तर दचकायला होतं: चाळीस मिलिमीटर रुंद, वीस-बावीस ग्रॅमहून जड.

तिथून पुढे उतरण. ५४१-४२ मध्ये प्लेग आला, पश्चिमेला लढाया चालूच होत्या, आणि वजन खाली यायला लागलं. शंभर वर्षांनी, कॉन्स्टान्स दुसरा याच्या काळात, तोच ‘एम’ चार-पाच ग्रॅमच्या चिपेवर बसवलेला दिसतो. चीपच म्हणायचं त्याला. जुनी मोठी नाणी छिन्नीने तोडून, तुकड्यांवर नवा ठसा मारलेला. ६३६ मध्ये यार्मूकच्या लढाईनंतर सिरिया गेला, पाठोपाठ इजिप्त गेला. धान्यही गेलं आणि महसूलही. हे सगळं इतिहासाच्या पुस्तकात वाचता येतं, पण जस्टिनियनचं नाणं एका तळहातावर आणि कॉन्स्टान्सचं दुसऱ्यावर ठेवलं की काय झालं असेल ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पुढची दोन शतकं मी इथे गाळतो. ती नाणी दुर्मीळ आहेत, बरीचशी कुरूप आहेत, आणि पहिल्या वर्षी त्यांच्या नादी लागू नये असं माझं मत. एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. थिओफिलस (८२९–८४२) याने ‘एम’ काढून टाकला आणि त्या जागी ओळींमध्ये मजकूर लिहिला. किंमत सांगायची गरजच उरली नव्हती, कारण तांब्याचं नाणं आता मुख्यतः एकच होतं. हिशेब ठरलेला: २४ फॉलिसचं एक चांदीचं नाणं, १२ चांदीच्या नाण्यांचं एक सोन्याचं. म्हणजे एका सोन्याच्या नाण्याला २८८ फॉलिस.

मग ९६९ मध्ये जॉन त्झिमिस्केस गादीवर आला, आधीच्या सम्राटाला त्याच्याच शयनगृहात मारून. त्यानंतरच्या शतकात स्किलित्झेस नावाच्या इतिहासकाराने लिहून ठेवलंय, की या जॉनने नाण्यावर तारणहाराची प्रतिमा आणि मागे ‘येशू ख्रिस्त, राजांचा राजा’ असा मजकूर घालण्याचा हुकूम दिला, आणि नंतरच्या सम्राटांनी तो पाळला. हात रक्ताने माखलेले असताना नाण्यावरून स्वतःचं नाव काढून देवाचं घालावंसं वाटलं, यात पश्चात्ताप किती आणि धोरण किती हे ज्याचं त्याने ठरवावं. मला धोरण जास्त दिसतं.

मजकुराची लिपी मजेदार आहे. भाषा ग्रीक, पण अक्षरांत लॅटिनची सरमिसळ. ‘बासिलेउस’ म्हणजे राजा, आणि त्यातला ‘ब’ लॅटिन वळणाचा. मोडी आणि बाळबोध एकाच ओळीत यावी तसा प्रकार.

आता मूळ प्रश्न. नाव नाही, साल नाही, आणि नाण्यांचे नमुने मात्र डझनभर. एकावर मागे चार ओळींचा मजकूर, एकावर पायऱ्यांवर उभा क्रूस, एकावर रत्नजडित क्रूस आणि ‘येशू ख्रिस्त जिंकतो’, एकावर हात वर करून प्रार्थना करणारी मरियम. यांतलं आधीचं कोणतं आणि नंतरचं कोणतं?

उत्तर टांकसाळीच्या आळसाने दिलं. नवं नाणं पाडायचं म्हणजे तांबं वितळवा, पत्रा करा, गोल चकत्या कापा, मग ठोका. त्यापेक्षा बाजारातून आलेली जुनी नाणी घ्यायची, तापवायची आणि त्यांच्यावरच नवा ठसा मारायचा. घण नीट बसला तर जुनं चित्र पुसलं जातं. पण तो नेहमी नीट बसत नाही. मग पाटी अर्धवट पुसून तिच्यावर पुन्हा लिहावं तसं होतं. नव्या अक्षरांमधून जुनी डोकावतात. क्रूसाच्या पायऱ्यांखाली चार ओळींच्या मजकुरातली दोन अक्षरं आडवी पडलेली दिसतात. येशूच्या गालावरून मागच्या ठशाची ठिपक्यांची किनार गेलेली असते.

असं एक नाणं सापडलं की एक गोष्ट पक्की: खालचं चित्र आधीचं, वरचं नंतरचं. पायऱ्यांचा क्रूस चार ओळींवर बसलेला दिसतो, रत्नजडित क्रूस पायऱ्यांच्या क्रूसावर. उलट कधी दिसत नाही. एकेक जोडी लावत गेलं की माळ तयार होते. अथेन्सच्या प्राचीन बाजारपेठेतल्या, अगोराच्या, उत्खननात अशी नाणी ढिगांनी निघाली. मार्गारेट थॉम्पसन यांनी ती अभ्यासून १९५४ मध्ये जे वर्ग प्रसिद्ध केले, तेच ए, बी, सी असे आजही सगळे वापरतात. चार ओळींचं नाणं ए, पायऱ्यांचा क्रूस बी, रत्नजडित क्रूस सी, प्रार्थना करणारी मरियम जी, असं ते पुढे जातं.

पण माळ म्हणजे नुसता क्रम. तिला सालांची खुंटी कुठली? तीही तांब्यानेच दिली. १०५९ ते १०६७ या काळात राज्य केलेल्या कॉन्स्टंटाइन दहावा याने स्वतःच्या नावाची आणि राणी युडोकियासह स्वतःच्या चित्राची फॉलिस पाडली. नाव असलेलं नाणं मिळालं की त्याच्याखाली कोणते वर्ग सापडतात आणि त्याच्यावर कोणते, एवढं पाहायचं. मायकेल सातवा आणि निकेफोरस तिसरा यांचीही नाव असलेली फॉलिस आहेत. अशा तीन-चार खुंट्यांना माळ अडकवली आणि वर्गांना सम्राट मिळाले: बी साधारण रोमानोस तिसऱ्याचा (१०२८–३४), सी मायकेल चौथ्याचा (१०३४–४१), जी रोमानोस चौथ्याचा (१०६८–७१). ‘साधारण’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. पाकिटावर विक्रेत्याने छातीठोकपणे सम्राटाचं नाव लिहिलेलं असलं, तरी ते नाण्यावर लिहिलेलं नाही हे विसरू नये.

या सगळ्याचा हातात नाणं घेणाऱ्याला उपयोग असा, की शिवराई जमवणाऱ्याची नजर इथे आयतीच कामाला येते. शिवराईवर ‘श्री राजा शिव’ पूर्ण क्वचितच मिळतं. अर्धा ‘श्री’, कडेला कापलेला ‘जा’, आणि उरलेलं आपण मनात भरतो. इथेही तसंच. आधी दिवा बाजूला ठेवा. मोबाइलचा टॉर्च नाण्याच्या पातळीला आणा, जवळजवळ टेबलाला टेकवून, आणि नाणं हळूहळू गोल फिरवा. वरून पडणाऱ्या प्रकाशात सपाट दिसणारा भाग तिरप्या प्रकाशात उठून येतो, आणि वरच्या चित्राशी न जुळणारी एखादी रेघ दिसली की तिच्या मागे लागायचं. दुसरं, नाणं उलटताना पुस्तकाच्या पानासारखं उलटू नका, वरून खाली पालथं करा. या नाण्यांचे दोन ठसे बहुधा एकमेकांना उलटे असतात, त्यामुळे पानासारखं उलटलं की मजकूर डोक्यावर उभा दिसतो आणि माणूस उगाच घोटाळ्यात पडतो.

ए वर्गात आणखी एक गंमत आहे. प्रभावळीतल्या क्रूसाच्या दांड्यांवर आणि येशूच्या हातातल्या पुस्तकावर बारीक खुणा असतात: एक ठिपका, पाच ठिपके, चौकट, चौकटीत ठिपका. त्यांच्या जोड्यांचे पन्नासाहून जास्त प्रकार नोंदले गेलेत. एखाद्याला आयुष्यभर पुरेल एवढं हे काम, आणि तेही साम्राज्यातल्या सगळ्यात सामान्य नाण्यात.

अकराव्या शतकात तांबं देवाचं नाव सांगत असताना सोन्याची वाट लागत होती. दर सम्राट सोन्यात थोडं जास्त हीण घालत गेला. मायकेल सातव्याला लोकांनी ‘पारापिनाकेस’ असं टोपणनाव ठेवलं, म्हणजे ‘पाव माप कमी’, कारण त्याच्या काळात एका सोन्याच्या नाण्याला गहू पाव मापाने कमी यायला लागला. राजाला महागाईवरून नाव पडावं आणि तेच इतिहासात राहावं! शेवटी १०९२ मध्ये अलेक्सियस कोम्नेनोस याने सगळी नाणी मोडीत काढून नवी घडी बसवली आणि अनामिक फॉलिस संपलं.

त्याच्या जागी आलेल्या नाण्यांत संग्राहकाला दोन भेटतात. एक टेटार्टेरॉन, चारएक ग्रॅमचं छोटं जाडसर तांबं, जे मुख्यतः ग्रीसकडे फिरलं. दुसरं ट्राखी: तांब्यात किंचित चांदी मिसळलेलं, आणि हळदीकुंकवाच्या वाटीसारखं खोलगट. चांदी सुरुवातीला शेकडा सहाच्या आसपास, पुढे तीही निम्म्यावर गेली. वाटी का, यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला पटणारं कारण साधं आहे: हीण वेगवेगळं असलेली नाणी लोकांना बोटांनी ओळखता यावीत. खोलगट नाण्यावर ठसा एका घावात बसत नसे, ठसा जरा कलवून दोनदा मारत. त्यामुळे चित्रात बऱ्याचदा जोड दिसतो आणि चेहऱ्याला दोन कडा असतात. नवखा त्याला बनावट समजतो. योगायोग असा, की त्याच सुमाराला आपल्याकडे देवगिरीच्या यादवांचे सोन्याचे पद्मटंकही वाटीसारखे खोलगट होते. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. पद्मटंक खोलगट होतो तो एकाच बाजूने मारलेल्या ठशांमुळे.

१२०४ मध्ये धर्मयुद्धावर, म्हणजे क्रूसेडवर, निघालेल्या पश्चिमेच्या फौजांनी कॉन्स्टँटिनोपल लुटलं. निकेतास खोनियातेस हा तिथला अधिकारी आणि इतिहासकार सांगतो, की चौकाचौकांतले प्राचीन ब्राँझचे पुतळे फोडून भट्टीत घातले आणि त्यांची नाणी पाडली. हेरा देवीचं नुसतं डोकं ओढायला बैलांच्या चार जोड्या लागल्या. त्या काळची लहान, ओबडधोबड वाटीनाणी आजही किलोने निघतात आणि पैशाला पासरी विकली जातात.

आता विकत घेण्याचं. पितळी फुलपात्र घासायची सवय असलेल्या घरात पहिली भीती चिंचेची. माझ्या पहिल्या फॉलिसला मी चिंच-मीठ लावलं होतं, एवढी कबुली पुरे. ते नव्या घंगाळासारखं लाल झालं आणि हजार वर्षांत तयार झालेला थर पाच मिनिटांत नळाखाली वाहून गेला. तो थर म्हणजे मळ नव्हे. तांब्याने जमिनीतल्या हवापाण्याशी केलेली तडजोड असते ती, आणि बऱ्याचदा बारीक रेघा त्या थरातच टिकलेल्या असतात. माती सुटी करायची असेल तर नाणं शुद्ध, म्हणजे डिस्टिल्ड पाण्यात ठेवावं, पाणी दर दोन दिवसांनी बदलावं आणि बाभळीच्या काट्याने किंवा बांबूच्या काडीने हळूच माती काढावी. आठवडे लागतात.

एका हिरव्या रंगाला मात्र घाबरावं. नाण्याचा गुळगुळीत गडद हिरवा रंग चांगला. फिकट, पिठासारखा, बोटाला लागणारा हिरवा ठिपका म्हणजे जमिनीतल्या मिठाने धातू आतून खायला सुरुवात केलीय. याला दमट हवा लागते, आणि कोकणात किंवा मुंबईत जूनपासून ती फुकट मिळते. असं नाणं आधी इतरांपासून वेगळं करा, शुद्ध पाण्यात मीठ सुटेपर्यंत भिजवा, पूर्ण वाळवा आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा.

बनावट नाण्यांचं भय तांब्यात सोन्याइतकं नाही, कारण फॉलिस इतकी स्वस्त की खोटं करणं परवडत नाही. अपवाद जस्टिनियनच्या मोठ्या फॉलिसचा. तिथे खरी लबाडी वेगळीच असते: नाणं अस्सल, पण झिजलेला चेहरा सुईने पुन्हा कोरलेला आणि वर खोटी वाळूसारखी माती बसवलेली. केस, मुकुट, अक्षरं एकदम धारदार, आणि भोवतीची जमीन मात्र खड्ड्याखड्ड्यांची, असं दिसलं की हात आखडता घ्या. दिखाऊ नाण्यापेक्षा कुरूप पण अक्षरं वाचता येणारं नाणं घ्यावं, या मताला मी अजून चिकटून आहे.

आणि इस्तंबूलला फिरायला गेलात तर बाजारात, पडक्या भिंतीजवळ कुणीतरी खिशातून अशी नाणी काढून दाखवेल. घेऊ नका. खोटी असतील तर पैसे जातील, खरी असतील तर विमानतळावर त्याहून वाईट होईल. तुर्कस्तानात जमिनीतून निघालेली प्राचीन वस्तू सरकारची आणि ती देशाबाहेर नेणं गुन्हा. नाणं कुठून आलं याची जुनी पावती असेल तिथूनच घ्यावं.

घरी आल्यावर पहिलं काम वजनाचं. सराफाकडे असतो तसा छोटा काटा हवा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा. ए वर्गातलं भारी नाणं दहा ग्रॅमच्या वर सहज जातं, शेवटचे वर्ग त्याहून बरेच हलके भरतात. मग कागदी पाकीट आणि पेन्सिल. वर्ग, वजन, रुंदी, कुठून घेतलं, कधी घेतलं. सम्राटाच्या नावापुढे प्रश्नचिन्ह. आणि टॉर्चखाली ती परकी रेघ सापडली असेल, तर सगळ्यात खाली एक ओळ: ‘वर बी, खाली ए.’